पंगत आणि गरिबाचा वाटा
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)

नमस्कार मंडळी!

'मंडळी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती घरांत 'मंडळी' म्हणजे चर्च. जुन्या काळच्या पुरुषांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे बायको. आणि इथे, लंडनपासून लीड्सपर्यंत, मंडळी म्हणजे तुम्ही सगळे. तेव्हा या एका शब्दात आमचं घर, आमचा धर्म आणि आमचं मंडळ तिन्ही आली.

आम्ही दोघं मिळून बोलणार आहोत. आमच्यापैकी एकजण वसईच्या कॅथलिक घरातला, दुसरी नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) प्रॉटेस्टंट घरातली. त्यामुळे धर्माबद्दल आमचं घरातच पुष्कळदा पटत नाही! कार्यकारिणीने विषय दिला तो असा: आजच्या ख्रिस्ती माणसाने आपल्या धर्मातल्या कोणत्या आज्ञा पाळायच्या? वेळ वीस मिनिटं आणि त्यानंतर जेवण. म्हणून आम्ही जेवणापासूनच सुरुवात करतो.

दरवर्षी आपल्या गणेशोत्सवात आरती झाली की प्रसादाचं ताट फिरतं. ते आमच्यापाशी आलं की देणारा क्षणभर थबकतो. "तुम्हाला चालतं ना?" असं हळूच विचारतो. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आम्ही घेतो. पण आमच्याच नात्यात अशी माणसं आहेत की जी हात जोडून नको म्हणतात, आणि तीही बायबलचाच आधार देतात. मग बायबल नेमकं सांगतं तरी काय?

जुन्या करारात मोशेचं नियमशास्त्र आहे. यहुदी परंपरेने त्यातल्या आज्ञा मोजून ६१३ सांगितल्या आहेत. त्यांत खाण्यापिण्याच्या आज्ञा खूप. डुक्कर वर्ज्य. पाण्यातलं फक्त तेच चालतं ज्याला पर आणि खवले आहेत, म्हणजे कोळंबी, शिंपल्या, खेकडे सगळे बाद. वसईच्या माणसाला हे ऐकूनच उपवास घडतो. या आज्ञा पाळणारे लोक आपण मराठी माणसांनी शेकडो वर्षं शेजारी पाहिले आहेत. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बिनखवल्याचा मासा ते खात नसत. मुलांची सुंता करत. पोथ्या हाताशी नव्हत्या तेव्हासुद्धा त्यांनी हे धरून ठेवलं होतं. मराठी बोलत, कोकणात राहत हे नियम पाळता येतात, याचा पुरावा त्यांनीच दिला आहे.

मग आम्ही ख्रिस्ती का पाळत नाही? येशू आणि त्याचे पहिले शिष्य तर यहुदीच होते.

याचं उत्तर एका सभेत आहे. सुमारे इ.स. ४९ मध्ये यरुशलेमेत ती भरली. हकिगत 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. अंत्युखिया शहरात यहुदी नसलेले, म्हणजे ग्रीक-सीरियन लोक ख्रिस्ताला मानू लागले होते. यहुदियातून काही जण तिथे गेले आणि त्यांनी सांगितलं की सुंता केल्याशिवाय, मोशेचं नियमशास्त्र पाळल्याशिवाय तारण नाही. भांडण पेटलं. आता हे भांडण पुस्तकी नव्हतं. नियम पाळणारा माणूस नियम न पाळणाऱ्याच्या ताटाशेजारी बसत नसे. म्हणजे एकाच मंडळीत दोन पंगती! त्याच सुमाराची गोष्ट पौल गलतीकरांच्या पत्रात सांगतो. खुद्द पेत्र अंत्युखियात आला, आधी सगळ्यांबरोबर जेवला, आणि यरुशलेमेहून माणसं येताच उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. इंग्लिश मित्राला समजावताना मात्र आमची दमछाक होते.

त्या सभेत पेत्राने शेवटी पौलाच्या बाजूचं बोलणं केलं: जे जू आपल्याला आणि आपल्या वाडवडलांना पेललं नाही ते यांच्या मानेवर कशाला? मग याकोबाने निवाडा दिला. नव्या लोकांना सुंता नको. मूर्तींपुढे ठेवलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेल्या जनावराचं मांस आणि व्यभिचार, एवढं टाळावं, बस्स. विद्वानांत याच्या अर्थावर वाद आहेत, पण आम्हाला पटतं ते असं की, व्यभिचाराची गोष्ट वेगळी, पण बाकीच्या तीन गोष्टी दोन्हीकडच्या माणसांना एका पंगतीत बसता यावं म्हणून होत्या.

पुढे काय झालं बघा. रक्ताची बंदी नव्या करारातच लिहिलेली आहे. तरी या देशात सकाळच्या भरपेट नाश्त्याला ब्लॅक पुडिंग असतं, आणि ते बनतं रक्ताचं. आमच्या गोव्याच्या मित्रांचं सोरपोतेल तर दोन बंद्या एकाच भांड्यात मोडतं, डुकराची आणि जुन्या रीतीने केलं तर रक्ताचीही. हे लोक अधर्मी आहेत का? इ.स. ४०० च्या आसपास संत ऑगस्टीनने लिहून ठेवलं आहे की हा नियम ज्या कारणासाठी केला ते कारण संपलं, आता आपल्याकडे तो फारसा कोणी पाळत नाही. पश्चिमेकडच्या चर्चने तो सोडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तो टाकला नाही. इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च तर आजही डुक्कर वर्ज्य मानतं, मुलांची सुंता करतं आणि रविवारासोबत शनिवारचाही मान ठेवतं. पुण्यात औंधला स्पायसर कॉलेज आहे, ते सेव्हन्थ डे अॅडव्हेन्टिस्टांचं. तेही शनिवार पाळतात. म्हणजे बायबल एक, पण पाळण्याच्या रीती अनेक. आमच्यात एकमत असतं तर हे भाषण पाच मिनिटांत आटोपलं असतं.

आता प्रसादाकडे येऊ. करिंथ शहरातला मांसाचा बाजार देवळांना लागून चालत असे, तेव्हा विकत घेतलेलं मांस कुठल्या मूर्तीपुढून आलं हे ओळखणं कठीण. तिथल्या मंडळीने पौलाला विचारलं, खायचं की नाही? त्याचं उत्तर आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कोणी घरी जेवायला बोलावलं तर जे वाढलं असेल ते खा. पण तुमच्या खाण्याने कोणा बिचकणाऱ्या भावाचं मन दुखावत असेल तर त्याच्यासाठी खाऊ नका. तोच पौल त्याच पत्रात मूर्तिपूजेच्या विधीत भाग घेऊ नका असंही ठणकावून सांगतो. हे लपवण्यात अर्थ नाही. आमचे नको म्हणणारे नातेवाईक या वाक्यांवर बोट ठेवतात आणि त्यांचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही.

आम्ही काय करतो? आरती चालू असताना आम्ही मागे आदराने उभे राहतो, म्हणत नाही. नंतर ताटातला मोदक घेतो, कारण तो शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला असतो. नगरहून आत्या आल्या होत्या त्या वर्षी मात्र घेतला नाही. त्यांना त्रास झाला असता. तुमच्यापैकी काहींना तेव्हा चुकल्यासारखं वाटलं असेल, पण आम्ही आत्यांसाठी मोदक सोडला, एवढीच गोष्ट होती. (आणि घरी जाताना डब्यात दिलेल्या चार करंज्यांबद्दल आत्यांना काही कळलं नाही!)

असाच एक ताटावरचा वाद या देशातच, इथून मोटारीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल अशा गावी झाला होता. ऑक्सफर्डशायरमधलं वाँटेज. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहानग्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या आणि शिकवूही लागल्या. बाप्तिस्मा झाला पण रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना तो जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटे. दोघींची पत्रं पुढे १९७७ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने निघाली. ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा नाही त्यांनी ती जरूर वाचावीत. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ते जेवणापर्यंत रमाबाई एकेक गोष्ट विचारतात: हे देवाचं वचन आहे, की तुमच्या देशाची चाल? देवाची आज्ञा असेल तर मान्य, पण धर्मगुरू म्हणतात म्हणून माझी विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती देणार नाही, असा त्या सगळ्या पत्रांचा सूर आहे. मडमांच्या देशात, त्यांच्याच छपराखाली राहून एका मराठी विधवेने हे लिहावं, याचं आम्हाला आजही कौतुक वाटतं.

आणि त्यांनी जे स्वतःसाठी मागितलं ते दुसऱ्यांनाही दिलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथल्या हिंदू मुलींना आपापले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळायची मोकळीक होती. पुढे १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात वादळ उठलं, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या, हेही सांगायला हवं. आपल्या मंडळात हा विषय निघाला की दोन तट पडतात. आज त्यात शिरत नाही. आम्हाला रमाबाईंचा तो प्रश्न तेवढा हवा आहे, देवाची आज्ञा कोणती आणि चाल कोणती.

चर्चने यासाठी पूर्वीच एक चाळणी करून ठेवली आहे. जुन्या करारातल्या आज्ञांचे तीन ढीग करायचे: विधींच्या आज्ञा, राज्यकारभाराच्या आज्ञा आणि नीतीच्या आज्ञा. चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी सातवं कलम हेच सांगतं, की पहिल्या दोन बंधनकारक नाहीत, तिसऱ्या आहेत. चाळणी सोयीची आहे. पण लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायावर ती लावून बघा. त्या एकाच अध्यायात दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नका असं आहे, दाढीच्या कडा कापू नका असं आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा असं आहे, आणि परदेशातून येऊन तुमच्यात राहणाऱ्यावरही तशीच प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, असंही आहे. व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला ही आज्ञा कोणत्या ढिगातली ते सांगावं लागणार नाही.

आणि माणसं सोयीने चाळतात. गरिबाला उसने दिले तर व्याज घेऊ नका, ही मोशेची स्पष्ट आज्ञा. मध्ययुगात चर्चने व्याजाला पापच ठरवलं होतं. आज या हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यावर मॉर्गेज आहे, आणि कुठल्याही पाळकांनी त्यावर प्रवचन केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही! बायकांनी प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकावं असं पौल म्हणतो. गावाकडे आमच्या आया उपासनेला डोक्यावर पदर घेतात, इथे कोणी घेत नाही. बायकांनी शिकवू नये हेही पत्रात आहे, तरी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये १९९४ पासून स्त्रिया पाळक होतात आणि २०१५ मध्ये पहिल्या स्त्री बिशप झाल्या. उलट इंग्लंड आणि वेल्सच्या कॅथलिक बिशपांनी शुक्रवारी मांस न खाण्याचा जुना नियम २०११ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लागू केला. आमच्या घरात त्यामुळे दर शुक्रवारी अर्धं घर मासे खातं आणि उरलेलं अर्धं, नियम नसूनही, तेच खातं. दोन स्वयंपाक कोण करणार?

इतके सगळे वाद आणि सोडलेले-धरलेले नियम बघितल्यावर तुम्ही विचाराल, मग ज्याच्यावर वादच नाही असं काही उरलं की नाही?

उरलं. त्याच यरुशलेमेतल्या प्रमुखांच्या भेटीची आठवण पौल गलतीकरांच्या पत्रात आपल्या बाजूने सांगतो. याकोब, पेत्र आणि योहान यांनी हातात हात दिला, माझ्या कामावर कसलीही भर घातली नाही, फक्त एकच मागितलं, गरिबांची आठवण ठेवा. आणि ते तर मी हौसेने करतच होतो, असं तो म्हणतो. आम्ही सुंतेबद्दल, मांसाबद्दल, शनिवाराबद्दल तासन्‌तास भांडू शकतो. या एका ओळीवर कधी कुठल्या दोन पंथांचं भांडण झालेलं आम्हाला माहीत नाही. पाळायचं मात्र राहून जातं.

आता दशमांशाबद्दल थोडं खोलात बोलू, कारण इथे माणसं भरडली जातात. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला द्यावा, असं पुष्कळ प्रवचनकार मलाखीच्या पुस्तकाचा हवाला देऊन सांगतात, आणि हल्ली मोबाइलवर येणारे काही जण त्याच्या दुप्पट-चौपट परत मिळेल असं आश्वासनही देतात. आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंनी सोसायटीचं कर्ज थकवून आणि नातवाची फी मागे ठेवून दहावा भाग भरला. आता मूळ कायदा बघा. अनुवादच्या चौदाव्या अध्यायात दशमांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आहे. तो एरवी कुटुंबाने देवासमोर जाऊन आनंदाने खायचा आहे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, लेव्यांसाठी आणि परक्या, अनाथ व विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे ज्या कायद्यात विधवेला द्यायचं आहे तोच दाखवून विधवेकडून घेतलं गेलं! येशूने परूशांना हेच ऐकवलं होतं, की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दहावा भाग मोजता, आणि न्याय, दया यांच्याकडे बघत नाही.

नगरकडच्या आमच्या मंडळीत हंगामाच्या उपासनेला लोक शेतातलं पहिलं घेऊन येतात. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी. मग त्याचा लिलाव होतो. बारा रुपयांचा भोपळा कोणीतरी हौसेने दोनशेला घेतो, आणि ज्याने तो आणला त्याच्याकडून कोणी एक पैसा मागत नाही. आम्हाला दहा टक्क्यांच्या हिशेबापेक्षा ही रीत बायबलाच्या जास्त जवळची वाटते. ज्याची मिळकत चांगली, त्याने दहावर थांबायचं कारण नाही. ज्याची नाही, त्याला दहाचा आकडा दाखवू नये.

कारण पौलाने जो निधी गोळा केला त्यात टक्केवारी नाहीच. यरुशलेमेतल्या गरीब मंडळीसाठी त्याने मासेदोनिया आणि ग्रीसमध्ये वर्गणी जमवली. ती दोन पत्रं मंडळाच्या खजिनदारांनी एकदा वाचावीतच. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. जवळ आहे त्याच्या मानाने द्या, नाही त्याच्या मानाने नव्हे. जबरदस्ती नको. करिंथकरांनी आदल्या वर्षी कबूल करून अजून दिलेलं नव्हतं, त्याची आठवण तो इतक्या गोड शब्दांत करून देतो की आपल्या सेक्रेटरींनी नमुना म्हणून जवळ ठेवावा. आणि एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून पैसे एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं ऑडिटच म्हणा! आज दाराजवळच्या टेबलावर गिफ्ट एडचे फॉर्म आहेत. इथे कर भरणाऱ्याने तो भरला तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून पंचवीस पेन्स जास्त मिळतात. पौलाने ती संधी सोडली नसती.

त्या निधीचं पुढे काय झालं? पौल तो घेऊन निघाला. बरोबरच्या सात जणांची नावं लूक देतो, ठिकठिकाणच्या मंडळ्यांची माणसं, त्यांत इफिसचा त्रफिम. निघण्याआधी रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाची धास्ती दिसते: यरुशलेमेतले लोक हे दान घेतील ना? परक्यांकडून आलेले पैसे, परक्यांच्या हातचे. घेतलं की नाही, हे लूक लिहीत नाही. तो एवढंच सांगतो की त्रफिमला शहरात पौलाबरोबर पाहून लोकांचा समज झाला, याने परक्याला मंदिराच्या आत आणलं. दंगल झाली आणि पौलाला अटक झाली. परक्याने या कठड्यापलीकडे येऊ नये, आला तर मरण, असं ग्रीकमध्ये कोरलेला त्या मंदिराचा दगड १८७१ मध्ये सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. गेल्या वर्षी सुट्टीत आम्ही तो पाहिला. हात पसरल्यावर त्याच्या दोन्ही कडा धरता येतील, इतका लहान दगड आहे.

ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी जेवताना आमच्याजवळ यावं. पंगत एकच आहे, जागा धरून ठेवतो.